सासूबाई, सेरेंगेटी आणि पाजेची भरती

निघण्यापूर्वी

आफ्रिकेला जायचं तर जंगल आणि समुद्र दोन्ही बघूनच यायचं, हे लेकीचं म्हणणं. नवऱ्याचं म्हणणं, आठ दिवसांत उरकायचं. सासूबाईंचं म्हणणं काहीच नव्हतं, कारण त्यांना आम्ही विचारलंच नव्हतं. एका रात्री ताकाची वाटी तोंडाला लावता लावता त्यांनी विचारलं, "माझा पासपोर्ट कधी संपतोय गं?" आणि आम्ही तिघांचे चौघे झालो. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, माहेर गुहागर, लग्नानंतरची सगळी वर्षं ठाण्यात.

एजंटाने आधी पाठवलेला कार्यक्रम बघून माझेच पाय दुखायला लागले. केनिया आणि टांझानिया मिळून आठ दिवसांत सहा जंगलं, आणि शेवटी दोन रात्री झांझिबार बेटावर. रोज सहा-सात तास गाडीत. मी तो कागद उलटा केला आणि मागे लिहिलं: एकच देश, तीन जंगलं, निदान एका ठिकाणी दोन रात्री, समुद्रावर पाच. एजंटाचं तोंड जरा उतरलं, पण तेच पक्कं झालं.

देश टांझानिया ठरला तो महिन्यामुळे. लेकीला वाइल्डबीस्टचे, म्हणजे गुरांसारख्या दिसणाऱ्या आफ्रिकी हरणांचे कळप मारा नदीत उड्या घेताना बघायचे होते. पण ते साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये, टांझानियातल्या सेरेंगेटी या राखीव जंगलाच्या उत्तर टोकाला. आमच्या सुट्ट्या जुळत होत्या फेब्रुवारीत. फेब्रुवारीत तेच कळप दक्षिणेला न्दुतूच्या आसपास असतात आणि तिथे विणीचा हंगाम चालू असतो. शिवाय झांझिबारला मोठा पाऊस मार्चच्या मध्यानंतर लागतो, फेब्रुवारीत समुद्र निवळ. म्हणजे जंगल आणि किनारा दोन्ही एका महिन्यात साधतात, असे वर्षातले जे थोडे आठवडे आहेत त्यातले हे. आधी जंगल, मग समुद्र, हा क्रम मात्र कोणालाही डोळे मिटून सांगेन. जंगलात पाचला उठायचं, दिवसभर हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि नखांत धूळ भरून घ्यायची. समुद्रावर चार दिवस लोळून झाल्यावर हे कोणाच्याने होणार?

नैरोबीमार्गे जाणार म्हणून पिवळ्या तापाची लस घेतली. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. साठीच्या पुढच्यांना डॉक्टर ही लस विचार करूनच देतात. सासूबाईंची अर्धा तास उलटतपासणी झाली, मग सुई. "जंगलातल्या डासांना इतकं घाबरता, ठाण्यातल्यांना कोण विचारतंय?" असं त्या डॉक्टरांनाच म्हणाल्या.

सामानावरून खरी लढाई झाली. सेरेंगेटीतून झांझिबारला जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी १५ किलो, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग चालत नाही. टांझानियात २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी. सासूबाईंचं सगळं खाद्यसामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून ठेवलेलं. शेवटी जुन्या सुती साडीच्या अकरा पिशव्या शिवल्या गेल्या आणि मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, दशम्या त्यांत गेल्या.

दिवस पहिला, ३ फेब्रुवारी २०२५: मुंबई ते अरुशा

मुंबई ते नैरोबी सहा तास, पुढे किलिमांजारो विमानतळापर्यंत तासाभराच्या आत. डाव्या खिडकीत ढगांच्या वर एक सपाट पांढरं डोकं दिसलं. किलिमांजारो, ५,८९५ मीटर. नवरा फोटो काढेपर्यंत ते ढगात गेलं आणि नंतर अख्ख्या सहलीत दिसलं नाही.

विमानतळावर आमचा ड्रायव्हर-गाईड उभा होता. लेकीने सवयीने त्याला "काका" म्हटलं आणि तो खूश होऊन हसला. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ. मग त्याने तिला हाक मारली, "दादा!" तिकडे दादा म्हणजे ताई. सासूबाई झाल्या "बिबी", म्हणजे आजी. नात्यांचा हा घोळ पुढे सहा दिवस चालला आणि त्या माणसाला आम्ही शेवटपर्यंत काकाच म्हणालो, त्याच्या अर्थाने की आमच्या अर्थाने ते ठरवलं नाही.

दिवस दुसरा: तरांगिरे

तरांगिरेचं जंगल हत्तींसाठी नावाजलेलं. पण कळपच्या कळप नदीवर उतरतात ते जून ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत. फेब्रुवारीत हत्ती पांगलेले असतात, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. तरी तीसेक दिसले. त्याहून लक्षात राहिली ती झाडं. बाओबाब, म्हणजे आपली गोरखचिंच. मुंबई-वसईकडे तुरळक आहेत, कधीकाळी आफ्रिकेतूनच आलेली. इथे टेकडीवर डझनाने. प्रत्येक बुंध्याला माणसाच्या उंचीवर सोललेलं, खणलेलं, काही ठिकाणी आरपार भोक. पाणी कमी झालं की हत्ती सुळ्यांनी साल सोलून आतला ओलसर गाभा चघळतात. एका झाडाच्या ढोलीत आमची गाडी नाही, पण रिक्षा नक्की मावली असती.

गडद निळे आणि काळे कपडे नकोत हे यादीत ठळक लिहिलं होतं, कारण त्से-त्से माशी त्या रंगांवर झेपावते. नवऱ्याने नेव्ही ब्लू टी-शर्ट घातला होता, "निळा वेगळा, नेव्ही वेगळा" म्हणून. संध्याकाळपर्यंत त्याच्या पाठीवर सात गांधी होत्या.

दुपारी सासूबाई अस्वस्थ दिसायला लागल्या. मी काकाला कानात विचारलं, इथे कुठे सोय आहे का. त्याने एक मोकळी जागा बघून गाडी लावली, आधी स्वतः उतरून मागची झुडपं बघून आला आणि म्हणाला, "कुचिंबा दावा." शब्दशः अर्थ, औषध खणायला जाणं. टांझानियात लांब पल्ल्याच्या बसमध्येही हेच म्हणतात. दावा म्हणजे दवा, हे सासूबाईंनी लगेच पकडलं. त्यानंतर रोज दोनदा मागच्या सीटवरून घोषणा व्हायची, "काका, औषध!"

रात्री करातूला मुक्काम, कॉफीच्या मळ्यांचं गाव. जेवणघरातल्या मुलाला सासूबाईंनी बोटांनी विचारलं, उद्या नाश्ता किती वाजता? त्याने दोन्ही पंजे दाखवले आणि वर दोन बोटं. बारा! सकाळी साडेसहाला निघायचं तर नाश्ता बाराला कसा? काकाने उलगडा केला. स्वाहिली घड्याळ सूर्य उगवल्यावर सुरू होतं. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक. सहा वाजले की बारा. विषुववृत्ताजवळ सूर्य बाराही महिने सहाच्या आसपासच उगवतो, त्यामुळे हिशोब चुकत नाही. सासूबाईंना हे फार पटलं. "बरोबरच आहे. दिवस उजाडला की एक. मध्यरात्री कोण उठून दिवस मोजतंय?"

दिवस तिसरा: न्गोरोंगोरो

कड्यावर पोचलो तेव्हा धुकं आणि महाबळेश्वरची थंडी. २,३०० मीटर उंची. मग धुकं फाटलं आणि खाली सहाशे मीटरवर एक बशी दिसली, जवळजवळ वीस किलोमीटर रुंद. प्राचीन ज्वालामुखी आत कोसळून झालेली. पाण्याचे डबके, गवत, रान, सगळं त्या एका बशीत, आणि मुंग्यांसारखे ठिपके हलतात ते रानम्हशी.

खाली उतरायला आम्ही गेलो तेव्हा प्रवेशाखेरीज दर गाडीमागे २५० डॉलर आणि वर १८ टक्के कर होता. गाडीत दोघं असोत की सहा, रक्कम तीच. जोडप्याने जाण्यापेक्षा चार-पाच जणांनी जाणं इथे परवडतं.

खरं सांगायचं तर मला विवर वरून जास्त आवडलं. खाली सिंह दिसले, पण त्यांच्याभोवती एकवीस गाड्या मोजल्या. गेंडा दिसला तो दुर्बिणीत, गवतावर विसरलेल्या काळ्या सुटकेससारखा. जिराफ आत नाहीतच, कडे फार उभे आहेत. मगाडी तळ्याच्या कडेला रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. मगाडी म्हणजे सोडाखार. इथले लोक कडधान्य मऊ शिजायला तो घालतात, असं काका म्हणाला. "म्हणजे पापडखाराचा भाऊ," सासूबाई.

दुपारी डबा खायला पाणघोड्यांच्या तळ्याकाठी थांबलो. हॉटेलच्या डब्यात नेहमीचं: उकडलेलं अंडं, केक, केळं, फळांचा रस, शाकाहाऱ्यांना काकडीचं सँडविच. काकाने बजावलं होतं, गाडीतच खा. सासूबाई म्हणाल्या, इतकी सुंदर जागा, गाडीत काय बसायचं. त्या बाहेर उभ्या राहिल्या, हातात दशमी, वर चटणी. पहिला घास व्हायच्या आत वरून काहीतरी सप्पकन आलं. घार. दशमी गेली, चटणी पदरावर राहिली, मनगटावर एक बारीक ओरखडा. सासूबाई दोन मिनिटं आकाशाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुळाची होती. तिला चटणी तिखट लागली असती, बरं झालं." ओरखड्याला डेटॉल लावलं.

दिवस चौथा: ओल्डुवाय आणि न्दुतू

करातूहून पश्चिमेला, कडा ओलांडून उतार. वाटेत लाल शुका पांघरलेली मासाई मुलं गुरं राखत होती. न्गोरोंगोरोचा हा पट्टा अभयारण्य असूनही गुराख्यांना राहू देणारा, १९५९ मध्ये सेरेंगेटीपासून वेगळा केला तो त्याचसाठी. पण २०२२ पासून सरकार इथल्या कुटुंबांना दूर म्सोमेरा गावी हलवतंय आणि त्यावरून मोठा वाद आहे. काकाला विचारलं तर त्याने गियर बदलला आणि पुढे एक जिराफ दाखवला.

ओल्डुवायच्या घळीपाशी तासभर. १९५९ मध्ये संशोधक मेरी लीकी यांना इथे माणसाच्या आदिम नातलगाची साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची कवटी सापडली. संग्रहालयात जवळच्या लाएतोलीच्या पाउलखुणांचा साचा आहे, छत्तीस लाख वर्षांपूर्वी ओल्या राखेतून दोन पायांवर चालत गेलेल्यांचा. टाच, चवडा, अंगठा, सगळं आपल्यासारखं. सासूबाईंनी आपलं पाऊल हवेत त्याच्यावर धरून पाहिलं.

मग रस्ता सुटला. गवत आखूड, झाड एक नाही, क्षितिज ताटासारखं. आणि त्या ताटात काळे तीळ सांडावेत तसे वाइल्डबीस्ट. पुढे आणखी. काकाने इंजीन बंद केलं तेव्हा आवाज ऐकू आला, हजारो बेडकांनी एकदम नाक शिंकरावं तसा. लेकीचा नदीचा हट्ट तिथे संपला.

दिवस पाचवा: न्दुतू

सगळ्या सहलीतला हाच दिवस जपून ठेवावा असा.

न्दुतूच्या या भागात वाट सोडून गाडी नेता येते. सेरेंगेटीच्या हद्दीत शिरलं की नाही. सकाळी नऊच्या सुमाराला काकाने गाडी कळपापासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला लावली आणि बोट केलं. एक मादी कळपातून जरा बाजूला झाली होती. आडवी पडत होती, उठत होती, गोल फिरून पुन्हा पडत होती.

"व्यायला झाली आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी लहानपणी गोठ्यात हे कितीदा पाहिलं असेल. "बघ, खुरं दिसली. पुढचे पाय. बरोबर येतंय." त्या एकदम कुजबुजत बोलायला लागल्या होत्या, घरातल्या बाळंतिणीच्या खोलीबाहेर बोलतात तशा. डोकं आलं, मग खांदे अडले. मादी उठून उभी राहिली आणि पिल्लू अर्धं बाहेर लोंबत राहिलं. लेकीने माझा दंड धरला. मग एका झटक्यात ते खाली पडलं, ओलं, चमकणारं, चहाच्या रंगाचं.

लेकीने घड्याळ लावलं. मादी वळून चाटायला लागली. पिल्लाने पुढचे पाय रोवले, मागचे घसरले, तोंडावर आपटलं. पुन्हा. तिसऱ्यांदा मागचा भाग वर आला आणि पुढचे गुडघे दुमडले. नवरा कॅमेरा मांडीवर ठेवून नुसता बघत होता. सातव्या मिनिटाला ते चार पायांवर होतं, टेबलाचे पाय कमी-जास्त झाल्यासारखं डुगडुगत. दहाव्या मिनिटाला आईच्या मागे चालत होतं, आणि तेवढ्यात गवतातून दोन कोल्हे आले. माझ्या पोटात गोळा आला. पण त्यांना पिल्लू नको होतं. मादीच्या मागे लोंबणाऱ्या वारेवर त्यांचा डोळा होता.

"वार पडेपर्यंत गोठ्यातून हलायचं नाही, कुत्रं नेतं," सासूबाई म्हणाल्या. "इथे कोण बसणार राखत?"

काकाने सांगितलं ते असं. एकूण दहा-बारा लाखांहून जास्त वाइल्डबीस्ट, आणि पिल्लांतली बहुतेक दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. सिंह-तरस किती खाणार? पोट भरून उरतातच. प्रसूतीही बहुतेक सकाळच्याच, म्हणजे अंधार पडायच्या आत पिल्लाला पळता येतं. आणि याच माळावर का, तर जवळच्या ज्वालामुखींची राख इथल्या जमिनीत आहे. खालचा थर कडक, त्यामुळे झाडं रुजत नाहीत, गवत आखूडच राहतं आणि शत्रू लांबून दिसतो. त्या गवतात चुनखार भरपूर, दुधाला चांगला. सासूबाईंनी मान हलवली, जणू कोणी त्यांच्याच माहेरच्या गोठ्याबद्दल बोलत होतं.

दुपारी चित्ता पाहिला, तीन पिल्लांसकट. सुंदर होता. पण रात्री तंबूत सासूबाईंनी वहीत लिहिलं ते एवढंच: "न्दुतू. सकाळी ९. सुखरूप. ७ मिनिटे." त्या वहीत बाकी पानांवर खर्चाचा हिशोब आहे.

तंबूबाहेर रात्रभर तरसं ओरडत होती. अंधारात एकट्याने बाहेर पडायचं नाही, विजेरी हलवली की राखणदार येतो. त्याला अस्कारी म्हणतात. पहाटे तीनला सासूबाईंनी विजेरी हलवली. औषध.

दिवस सहावा: सेरोनेरा

सेरेंगेटीचा मध्य. आम्ही गेलो तेव्हा प्रवेश माणशी ७० डॉलर अधिक कर, चोवीस तासांचा. शिक्क्यावर वेळ असते आणि तिला फार मान आहे.

गाडीतल्या वायरलेसवर चालक एकमेकांशी स्वाहिलीत बोलतात, कारण पर्यटकांना आधीच आशा लागू नये. सासूबाईंनी चार दिवसांत शब्द गोळा केले होते. दुपारी अचानक मागून आवाज, "चुई! काका, तो चुई म्हणाला!" चुई म्हणजे बिबट्या. काकाने आरशात बघितलं, हसला आणि गाडी वळवली. बाभळीच्या आडव्या फांदीवर तो झोपला होता, चारी पाय लोंबत. वरच्या फांदीवर हरणाचं अर्धं शरीर. नवरा म्हणाला, ठाण्यात येऊरच्या जंगलात बिबटे आहेत, पण आयुष्यात दिसला नाही. सहा तास विमानात बसून यावं लागलं.

दिवस सातवा: सेरोनेरा ते झांझिबार

मातीच्या धावपट्टीवर काकाने निरोप घेतला. सासूबाईंनी त्याच्या हातात उरलेल्या भाजणीची साडीची पिशवी दिली आणि थालीपीठ कसं थापायचं ते हातवारे करून सांगितलं. तो कधी करेल असं वाटत नाही.

एक पंख्याचं बारा सीटचं विमान. मध्ये दोनदा एसटीसारखं थांबलं, माणसं उतरवली, चढवली.

झांझिबारला उतरलो आणि पहिला धक्का. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे येणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला तिथला सरकारी प्रवास विमा सक्तीचा आहे, प्रौढांना ४४ डॉलर. आपला भारतातून काढलेला विमा चालत नाही. आमच्या एजंटाने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. घामाघूम होऊन, नेट न लागणाऱ्या फोनवर, चौघांचे १७६ डॉलर भरले. जाणाऱ्यांनी घरूनच ऑनलाइन काढावा. काउंटरवर पाटी होती, 'बिमा'. सासूबाईंनी ती मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी फोरोधानी बागेत उरोजो खाल्लं. हळदीचं, कैरीच्या आंबटपणाचं पातळ पिठलं म्हणा, त्यात भजी, उकडलेला बटाटा, कसावाचा कुरकुरीत कीस, वर खोबऱ्याची चटणी. मिसळीची समुद्रापलीकडची चुलत बहीण. चौघांनी दोन-दोन वाट्या घेतल्या.

दिवस आठवा: स्टोन टाउन

झांझिबार शहराचा हा जुना भाग. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन छत्र्या जात नाहीत. दारं मात्र वाड्याची, शिसवी, कोरीव, काहींवर पितळी टोकदार फुलं. हत्तीने धडक देऊ नये म्हणून भारतात दाराला खिळे लावत. इथे हत्ती नाहीत, पण गुजराती-कच्छी सावकारांबरोबर ती तऱ्हा आली आणि श्रीमंतीची खूण झाली. एका दाराशी लेक थांबली: फ्रेडी मर्क्युरी, 'क्वीन' बँडचा गायक. १९४६ मध्ये इथे जन्मलेला पारशी मुलगा, फारोख बलसारा, आणि शाळेला पाचगणीत होता. "पाचगणीत?" सासूबाईंना तो कोण हे ठाऊक नव्हतं, पण त्या वयाच्या मुलाला बोटीने एवढ्या लांब धाडलं याचं त्यांना वाईट वाटलं.

गुलामांच्या बाजाराच्या जागेवर आता चर्च आहे. बाजार १८७३ मध्ये बंद झाला. जवळच्या तळघरात वाकून उतरावं लागतं; ओट्यांसारख्या जागांवर माणसं दाटीने कोंडत, असं तिथे सांगतात. हवेला दोन फटी. या सगळ्या व्यापाराला भांडवल पुरवणाऱ्यांत हिंदुस्थानी पेढ्याही होत्या, हे वर कोरीव दारांचं कौतुक करून आल्यावर इथे कळतं. आम्ही पाच मिनिटांत बाहेर आलो. बराच वेळ कोणी बोललं नाही.

दारजानीच्या बाजारात मग सासूबाईंचा जीव परत आला. कारण वास. त्या वासाच्या मागे सरळ चालत गेल्या आणि एका टपरीपाशी थांबल्या. चिरलेला फणस, चीक लागू नये म्हणून सुरीला तेल.

"काय म्हणता याला?" खुणेने.

"फेनेसी," बाई म्हणाली.

"फणस!"

"फेनेसी."

"तेच गं बाई. फणस." दोघी एकमेकींना तोच शब्द चार वेळा सांगत राहिल्या. गरे कापा होते. पैसे देताना बाईने बोटांवर बेरीज केली, "हेसाबू," आणि सासूबाईंनी पर्समधून हिशोबाची वही काढून तिला दाखवली, हे बघ, हेसाबू. दोघी हसून हसून बेजार.

दुपारची मसाल्यांच्या बागेची फेरी सोडली असती तरी चाललं असतं. लवंग, जायफळ, दालचिनी, मिरी. तिथला मुलगा पान चुरगळून विचारायचा, ओळखा, आणि पान नाकापर्यंत यायच्या आत सासूबाई उत्तर द्यायच्या. चौथ्या झाडानंतर तो नाराज झाला.

दिवस नववा आणि दहावा: पाजे

बेटाचा पूर्व किनारा. वाळू पिठीसाखरेची, पाणी इतकं निळं की खोटं वाटावं. पण हा किनारा निवडण्याआधी एक गोष्ट कळायला हवी. इथे ओहोटीला समुद्र एखादा किलोमीटर मागे जातो. दिवसभर डुंबायचं असेल तर उत्तरेला नुंग्वी-केंद्वा बरं, तिथे फरक कमी जाणवतो; गर्दी मात्र जास्त. आम्हाला शांतता हवी होती.

१२ फेब्रुवारी, माघी पौर्णिमा. फोनवर शेजारच्या काकूंचे प्रयागहून कुंभातले फोटो येत होते. सासूबाई म्हणाल्या, आपणही समुद्रस्नान करू. वेळ त्यांनीच काढली. कोकणातला जुना आडाखा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. "बाराच्या आत पाणी पायरीशी असेल," त्या म्हणाल्या. गुहागरला हे गणित कधी चुकलं नव्हतं.

साडेअकराला चौघं टॉवेल घेऊन गेलो, आणि समुद्र नव्हता. लांबवर प्रवाळाच्या कड्यावर पांढरी रेघ, तिच्या अलीकडे सगळा चिखल, शेवाळ, डबकी. त्यात बायका कमरेत वाकून दोऱ्यांना शैवाल बांधत होत्या. म्वानी म्हणतात त्याला. वाळवून बाहेर विकतात, त्यातला चिकट पदार्थ टूथपेस्टपासून आइसक्रीमपर्यंत जातो. पाणी तापत चालल्यामुळे उथळ जागी ते मरतं, म्हणून आता आणखी आत जावं लागतं, असं एकीने हॉटेलच्या पोऱ्याकरवी सांगितलं. आत म्हणजे छातीभर पाण्यात, आणि त्यांतल्या पुष्कळ जणींना पोहता येत नाही.

सासूबाईंना अपमान झाल्यासारखं वाटलं. "पौर्णिमेला भर दुपारी ओहोटी? हा कसला समुद्र?" त्यांनी पोऱ्याला विचारलं, पाणी कधी येणार. तो म्हणाला, "सा कुमी." दहा.

"रात्री दहा?" नवरा.

"नाही रे," सासूबाई त्याच्यावर डाफरल्या, "त्यांचे दहा. आपले चार."

आणि चारला खरंच समुद्र पायरीशी होता. अख्खा, निळा, काही झालंच नाही असा. त्या साडी खोचून उतरल्या. लेकीने हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

रात्री वही काढून त्यांनी मांडलं: समुद्र एकच, चंद्रही एकच, पण प्रत्येक किनाऱ्याची आपली वेळ. इथला पौर्णिमेचा फेरा चारला. आपल्या बारात चार मिळवायचे. उद्या प्रतिपदा, पाऊण तास पुढे.

दिवस अकरावा: पाजे

सकाळी काही केलं नाही. लेकीने जे पुस्तक नेलं होतं ते पहिल्यांदा उघडलं. नवऱ्याच्या पाठीवरच्या गांधी उतरल्या होत्या, त्यांची जागा उन्हाच्या चट्ट्यांनी घेतली. ओहोटीत फिरताना पायात बूट घालावेत, काळ्या काटेरी समुद्री साळी दगडांत बसलेल्या असतात. मी घातले होते, नवऱ्याने नव्हते. फार लागलं नाही.

चार वाजता सासूबाईंनी खुर्ची किनाऱ्यावर नेऊन वाळूत रोवली. "पावणेपाचला पाणी हिच्या पायाला लागेल." पोऱ्या हसला, पण कामं सोडून जवळ उभा राहिला. साडेचारला पाणी दहा पावलांवर. पावणेपाचला तीन पावलांवर. नवरा काहीतरी बोलणार होता, मी त्याला खुणेने गप्प केलं. पाच वाजायला सहा मिनिटं असताना एक पातळ लाट आली, खुर्चीचे पुढचे दोन पाय ओले करून परत गेली.

"नऊ मिनिटं उशीर," सासूबाई म्हणाल्या.

पोऱ्याने दोन्ही हात वर केले. मग म्हणाला, "केशो, बिबी? सा न्गापी?" उद्या किती वाजता?

उद्या या वेळेला आम्ही परतीच्या विमानात असणार होतो. पण सासूबाईंनी डोळे मिटले, बोटांची पेरं मोजली, पाऊण तास मिळवला, सहा वजा केले.

"सा कुमी ना मोजा," त्या म्हणाल्या, आणि अडखळून पुढे, "ना नुसू."

साडेअकरा. पोऱ्याने मान डोलावली आणि खुर्ची दोन पावलं मागे ओढली.